लाइनशास्त्री

मासा लागला नाही की साधा माणूस नशिबाला बोल लावतो, श्रद्धाळू माणूस सकाळी कोणाचं तोंड पाहिलं ते आठवतो आणि लाइनशास्त्री लाइनची जाडी तपासतो. अमेरिकेत जिथे म्हणून बास मासा आहे तिथे हा गृहस्थ आहे. पण त्याचं उत्तम पीक येतं ते टेक्ससमधल्या लेक फोर्कवर. डॅलसहून पूर्वेला मोटारीनं तास-दीड तासावर हा तलाव. 1980 साली बांध पुरा झाला तेव्हा पोटातली पुष्कळ झाडं उभीच ठेवली होती. त्यामुळे पाण्याखाली अजूनही वाळक्या खोडांचं रान आहे. त्या खोडांच्या आडोशाला लार्जमाउथ बास दबा धरून बसतो आणि त्याच्यावर दबा धरायला आमचे शास्त्रीबुवा पहाटे पाचला धक्क्यावर हजर असतात.

वय पन्नाशीच्या पुढचं. जन्मभर इंजिनिअर असलेला, नाहीतर इंजिनिअर व्हायचं राहून गेलेला. डोक्यावर टोपी, टोपीवर काळा चष्मा आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी नेलकटर. ते नखांसाठी नसतं, लाइन कापायला असतं. बोटीचे हप्ते अजून चालू असतात. बोटीत पुढच्या बाजूला आठ काठ्या ओळीनं मांडलेल्या. नवख्याला वाटतं, अजून मंडळी यायची असतील. कोणी यायचं नसतं. आठ काठ्यांवर आठ जाडीच्या लाइनी आहेत, एवढंच.

आमिष आणि लाइन यांच्या तो पत्रिका जुळवतो. पाणी नितळ असेल आणि खोलात इवलंसं रबरी आमिष लोंबकळत ठेवायचं असेल, तर सहा ते आठ पौंडी, म्हणजे तेवढ्या पौंडांची ओढ सोसणारी, फ्लुओरोकार्बनची लाइन. खाली सूर मारणाऱ्या क्रँकबेटला दहा-बारा पौंडी. खोडांच्या गर्दीत सोडायच्या जिगला वीस पौंडी. पाणवनस्पतींच्या गालिच्यावरून उड्या मारत न्यायच्या रबरी बेडकाला पासष्ट पौंडी ब्रेडेड लाइन. यातलं एक जरी स्थळ चुकलं तर संसार मोडला. म्हणजे मासा गेला.

बरं, डब्यावर लिहिलेल्या पौंडांवर त्याचा विश्वास नाही. दोन कंपन्यांच्या ‘दहा पौंडी’ लाइनींची जाडी एक नसते आणि पुष्कळ लाइनी लिहिल्यापेक्षा जास्त ओढ सोसतात, हे तो जाणतो. म्हणून खिशात मायक्रोमीटर. दुकानात तो काउंटरवरच नायलॉनचा तंगूस मोजतो. “0.30! मागच्या वर्षी हीच लाइन 0.28 होती!” हे तो ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात आपल्याकडे सोन्याचा भाव सांगतात.

त्याला प्रश्न विचारू नये. विचारलाच, तर आधी बसून घ्यावं.

“जाड लाइन मजबूत, मग सगळीकडे तीच का नाही लावत?” असं मी एकदा विचारलं.

“मित्रा,” तो म्हणाला, “व्यास दुप्पट केला की छेद चौपट. म्हणजे ताकद चौपट. इथवर ठीक. पण ताठपणा सोळापट! सोळापट ताठ तार बांधल्यावर बिचारं आमिष नाचेल कसं?” मग पाण्याचा विरोध निघाला. जाड लाइनला पाणी जास्त अडवतं, म्हणून तेच क्रँकबेट तिच्यावर कमी खोल जातं. मासा तळाशी आणि आमिष त्याच्या डोक्यावरून निघून गेलेलं. मग फेक आली. बारीक लाइन रिळावरून सरसर सुटते, लांब जाते. मग प्रकाशशास्त्र. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुओरोकार्बनचा 1.42, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतं. ते पाण्याहून जड, बुडतं; म्हणून तरंगत्या आमिषाला नायलॉन. ब्रेडेड तर पाण्याहून हलकी आणि पन्नास पौंडी असूनही जाडीला बारा पौंडी नायलॉनएवढीच. पण ती ढळढळीत दिसते, म्हणून तिच्या टोकाला फ्लुओरोकार्बनचा तुकडा. तो जोडायला गाठ. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं लाइन कमजोर होते. एवढं शास्त्र सांगून माणूस शेवटी थुंकीवर येतो, हे पाहून मला बरं वाटलं.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येत नाही. आणि म्हणूनच त्याला अपयशही कधी येत नाही, येतं ते स्पष्टीकरण. आठ पौंडी लाइनवर दणकट मासा लागला, खोडाला वेढा घालून लाइन तोडून गेला. शास्त्री म्हणाला, “बारीक पडली.” वीस पौंडी लावली, दुपारपर्यंत माशानं तोंड दाखवलं नाही. “जाड पडली. दिसली त्याला.” मधली चौदा पौंडी लावली, तरी शुकशुकाट. तेव्हा त्यानं लाइनकडे नाही, पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माशाचा स्वभाव, हवामान, दैव असं काही निघेल. तो म्हणाला, “पाणी कालपेक्षा नितळ झालंय. बाराच हवी होती.”

मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. मासा काय खाईल, कधी खाईल, आज तोंड उघडेल की नाही, यातलं काहीच माणसाच्या हातात नाही. हातात काय, तर लाइनचा नंबर. तेवढा एक धागा त्यानं घट्ट धरून ठेवलाय. त्याच दुपारी शेजारच्या बोटीतल्या माणसानं दोरखंड शोभेल अशा ब्रेडेड लाइनवर बेडूक नाचवून झाडोऱ्यातून भलामोठा बास ओढून काढला, तेव्हाही शास्त्री डगमगला नाही. “गवतातून बघणाऱ्याला वर लाइन दिसते कुठे?” हेही बरोबरच.

माणूस मात्र लाखात एक. स्वतःची लाइन वर्षात दोनदा बदलतो आणि काढलेली तुमच्या रिळावर फुकट भरून देतो. काठावर कोणी टाकलेला तंगूस दिसला की वाकून उचलतो, कारण नायलॉन लवकर कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात गुरफटतं. धक्क्यावर अशा लाइनींसाठी प्लास्टिकच्या नळ्या लावलेल्या असतात, तिथे नेऊन टाकतो.

आणि एवढं करून लागलेला मासा तो सोडून देतो! लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास सोडावाच लागतो, हे खरं. पण हा त्याहून मोठाही सोडतो. माशाचं कालवण डोळ्यांसमोर आणून पहाटेपासून बसलेल्या मराठी माणसाला हे बघवत नाही. या बाबतीत माझं दैवत जॉर्ज पेरी. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात त्यानं 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, जागतिक विक्रम केला आणि घरी नेऊन घरच्यांसह खाल्ला. तेव्हा नायलॉनचा शोधही लागला नव्हता. रेशमी लाइनी वापरत आणि त्या वाळत घालाव्या लागत, नाहीतर कुजत.

पेरीच्या विक्रमाची बरोबरी 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी केली. त्यांच्या रिळावर पंचवीस पौंडी लाइन होती. हे मी शास्त्र्याला सांगितलं. “बघ!” तो उसळला, “कधीपासून सांगतोय, आपण फार बारीक वापरतो.”

मग मी टेक्ससचा विक्रम काढला. जानेवारी 1992, याच लेक फोर्कवर, बॅरी सेंट क्लेअर, 18.18 पौंड. तीस वर्षं उलटली तरी मोडला नाही. पण हा गृहस्थ बास पकडायला आलाच नव्हता. क्रॅपी नावाच्या चिमुकल्या माशासाठी गळाला जिवंत मासोळी लावून बसला होता.

शास्त्री मिनिटभर गप्प. मग चेहरा उजळला. “क्रॅपीसाठी ना? म्हणजे बारीक लाइन असणार. तेच तर म्हणतोय, आपण फार जाड वापरतो.”

पाच मिनिटांत दोन्ही विक्रम त्याच्या शास्त्रात चपखल बसले. न बसणारा मासा अजून अंड्यातून बाहेर यायचाय.