अडकित्ता आणि अर्धी गोळी

नव्या गोळीची चिठ्ठी अगदी छोटी होती. ‘सकाळी नाश्त्यानंतर अर्धी, दोन आठवडे.’ डॉक्टरांच्या अक्षरातला तो ‘अर्धी’ इतका निरागस दिसत होता की, त्याच्या पोटात एवढा उद्योग दडलेला असेल असं वाटलं नाही. औषधाच्या दुकानदाराने दहाच्या पट्टीतून कात्रीने सात गोळ्या कापून दिल्या. मुदत संपायची तारीख रीतीप्रमाणे उरलेल्या तिघींबरोबर दुकानातच राहिली. पहिल्या सकाळी मी सुरी घेऊन बसले. गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ असते, माणसाच्या भांगासारखी. त्या रेघेवर सुरी टेकवली, जोर दिला आणि टप्पकन एक अर्धुक उडून फ्रीजखाली गेलं. ते बहुधा अजून तिथेच आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या मुंग्या हल्ली जरा प्रसन्न दिसतात असा माझा संशय आहे. दुसऱ्या दिवशीच्या गोळीचा भुगा झाला. तिसऱ्या दिवशी सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पाटावरून उठल्या, पानाच्या डब्यातला पितळी अडकित्ता घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आण इकडे. साठ वर्षं सुपारी कातरतेय मी.” कट्ट असा एक छोटा आवाज झाला. तळहातावर दोन अर्धी ठेवली होती, सोनाराच्या काट्यावर घातली असती तरी काटा हलला नसता. गोळीला कातासुपारीचा किंचित वास येत होता. औषधशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा अनुपानाचा प्रकार नसेल, पण मला तो मानवला.

आईंचा आणि माझ्या आजाराचा परिचय अकरा वर्षांचा. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. ‘बायपोलर’ हा शब्द घरात पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांनी तो नीट ऐकून घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, “म्हणजे दोन ध्रुव ना? पण दोन्ही ध्रुवांवर बर्फच असतो की गं. मग त्यातला गरम कुठला?” तेव्हा मी रडत होते, म्हणून हसायचं राहून गेलं. नंतर पुष्कळदा वाटलं की, इतकी अचूक शंका कुणा मानसोपचारतज्ज्ञालाही सुचली नसेल. उत्साहाच्या ध्रुवावरही शेवटी माणूस एकटाच असतो, फक्त तिथे सूर्य मावळत नाही. रात्री तीन वाजता मी तांब्याची भांडी चिंच लावून लखलखीत करत असे आणि झोप न झाल्याचा थकवा म्हणून नसे. जर्मन भाषेच्या वर्गाचे पैसे भरले होते. आणि एका दुपारी सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन तीन तंबोरे सांगून आले होते. एक नव्हे, तीन. गाणं मला येत नाही.

मिरजेत राहण्याचे जे काही फायदे-तोटे आहेत, त्यांत हे धरायला हवं. दुसऱ्या गावात माणसाच्या डोक्यात वारं शिरलं तर तो फार तर साड्या घेईल, प्लॉट बघेल. इथे दवाखाने आणि तंबोरे दोन्ही हाताशी; आजारही इथेच करायचा, औषधही इथेच. पुढे लिथियम सुरू झालं, वारं उतरलं, आणि नवरा मान खाली घालून त्या गल्लीत गेला. तंबोरेवाल्यांनी दोन तंबोरे एक शब्द न बोलता परत घेतले. तिसऱ्याच्या भोपळ्यावरून हात फिरवत म्हणाले, “हा राहू दे साहेब. घरात एक स्वर असावा.” तेव्हापासून तो हॉलच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा आहे, लग्नघरात कुणाच्या नात्यातली ते न कळलेली एखादी वयस्क बाई उभी असावी तसा. पाहुणे विचारतात, “कोण गातं?” आम्ही तिघंही एकमेकांकडे बघतो.

दर दोन-तीन वर्षांनी ते गृहस्थ स्वतः येऊन तो तंबोरा लावून जातात, बोलावणं न करता. त्यांच्याकडूनच मला जवारी कळली. खुंट्या पिळून तार स्वरात आणली, मण्यांनी शेवटचा केसभर फरक काढला, तरी तंबोरा बोलेलच असं नाही. तार आणि घोडी यांच्या मध्ये सुताचा एक साधा दोरा सरकवतात. तो इकडे असला तर तार मुकी, ठक्क वाजते. तिकडे गेला तर किणकिणते, कर्कश होते. मधे कुठेतरी एक तिळाएवढी जागा असते. दोरा तिथे पोचला की तीच तार अचानक फुलते, तिच्यातून दुसरेच स्वर बाहेर पडायला लागतात. त्याला म्हणतात जवारी लागली. ती जागा डोळ्यांनी दिसत नाही. दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा.

यंदा कार्तिकी एकादशी झाली आणि माझी तार मुकी झाली. दुसरा ध्रुव. कंगवा उचलून गुंता सोडवायला बसले आणि तासाभराने नवरा बँकेतून आला, तेव्हा कंगवा तसाच हातात होता. नुसत्या लिथियमवर हे उतरेना, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या जोडीला सर्ट्रालीन दिलं. नैराश्याची गोळी इतरांना सरळ देता येते. आमच्यासारख्यांना ती एकटी दिली तर खड्ड्यातून वर काढता काढता गच्चीवरून पलीकडे फेकायची भीती. म्हणून खुंटी पक्की ठेवून दोरा सरकवायचा, तोही अर्ध्या-अर्ध्या गोळीने. हे मी माझ्या मनाशी मांडलेलं, डॉक्टरांना तंबोऱ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावून विचारलं, “सध्या काही खरेदी नाही ना?”

लिथियम हे खरं तर एक मीठ. १८१७ साली स्वीडनमधल्या एका बेटावरच्या दगडात ते सापडलं, म्हणून ग्रीक भाषेतल्या दगडावरून त्याचं नाव पडलं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. जपान्यांच्या युद्धकैदेत साडेतीन वर्षं काढून आलेला हा माणूस मेलबर्नच्या एका जुनाट इस्पितळात गिनीपिगांवर प्रयोग करायचा आणि रुग्णांच्या लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचा. हे वाचलं तेव्हा माझा सगळा आदर त्याच्या बायकोकडे गेला. तर या मिठाचं आपल्या रोजच्या मिठाशी भावकीतलं भांडण आहे. जेवणातलं मीठ एकदम कमी केलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, वाढवलं की सोडून देतात. म्हणून डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर, मीठ रोजच्याइतकंच, निर्जळी उपास नाही. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं आणि आकडा साधारण ०.६ ते १च्या आत बघायचा. आईंनी यातून एवढंच उचललं की सुनेच्या जिवासाठी आमटीचं मीठ चुकता कामा नये. अकरा वर्षांत ते चुकलेलं नाही. सणावारी चार पाहुणे वाढले तरी नाही.

नव्या गोळीचे पहिले पंधरा दिवस म्हणजे घरात नवीन भाडेकरू आल्यासारखे. अजून सामान लागलेलं नसतं, पण भिंतीला खिळे ठोकणं चालू असतं. मळमळ होती, तोंडाला कोरड होती, आणि जांभया होत्या. या जांभयांचा झोपेशी काही संबंध नसतो हे कुणाला समजावणार? वाण्याकडे, रिक्षात, शेजारच्यांच्या नातवाच्या बारशात, मी सिंहिणीसारखी आ वासून उभी. रात्री स्वप्नं पडत, ती रंगीत आणि कारकुनी. एकदा स्वप्नात मी रात्रभर पंढरपूरच्या स्टँडवर तिकिटं मोजत होते आणि सकाळी खरोखर दमून उठले. गुण मात्र यायला चार-सहा आठवडे लागतात. त्रास पहिल्या दिवशी, गुण दीड महिन्याने! चकणा आधी आणि जेवणाचा पत्ता नाही, असा हा मेजवानीचा प्रकार.

डॉक्टरांनी रोजचा मूड लिहायला सांगितला होता. मधोमध शून्य, खाली उणे पाच, वर अधिक पाच. वही हरवेल म्हणून मी कालनिर्णयवरच लिहायला लागले. तिथे आधीपासून दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख आणि मोलकरणीचे खाडे राहत होते. त्यांच्या शेजारी माझा आकडा भाड्याने राहू लागला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उणे तीन, उणे तीन, उणे दोन. महिन्याच्या शेवटी आईंनी हिशेब करून दूधवाल्याचे अठरा लिटरचे पैसे कापले. तो बिचारा दाराशी शपथा घेत होता, “मावशी, एक दिस चुकलो नाही ओ!” माझं नैराश्य सांगलीकडच्या एका म्हशीला भोवलं.

पण खरी मौज उणे दोनाची नव्हे, अधिक एकाची आहे. इतर घरांत बाई रडताना दिसली की नवरा विचारतो, “बरी आहेस ना?” आमच्याकडे मी गुणगुणले की विचारतो. तो सहकारी बँकेत ऑडिटला आहे. जास्तीच्या शिलकेकडे संशयाने बघणं हा त्याचा पेशाच. मी किती वाजता झोपले, किती वाजता उठले, हे तो वर्तमानपत्राच्या कडेला टिपून ठेवतो आणि मला दिसलं नाही असं समजतो. डिसेंबरच्या अखेरीस मंडईत मटार स्वस्त झाले, तसे मी चार किलो आणले. त्या आठवड्यात अख्ख्या मिरजेने चार-चार किलो मटार आणले असतील, सोलून फ्रीजरमध्ये भरले असतील. पण लक्षण ठरलं ते फक्त माझं. नवऱ्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिलं. “एवढे?” इतकंच म्हणाला. मग खाली बसून माझ्याबरोबर सगळे मटार सोलले, आणि मी भरभर बोलतेय का हे सोलता सोलता ऐकत राहिला. त्याचा राग येत नाही असं नाही. पण तीन तंबोरे मी सांगितले होते आणि दोन परत करायला तो गेला होता, हेही विसरता येत नाही.

आणि दुसऱ्याला कशाला बोल लावू, मीच माझी पोलीस. गच्चीवर कपडे वाळत घालताना कोवळं ऊन पाठीवर आलं, बरं वाटलं. लगेच आतून चौकशी सुरू. हे ऊन खरंच इतकं छान आहे, की गोळी लागू पडलीय, की वर चढायला सुरुवात झालीय? बरं वाटलं ते कुणाला, मला की सर्ट्रालीनला? ही चौकशी संपेपर्यंत ऊन पुढच्या गच्चीवर गेलेलं असतं.

हा प्रश्न फार जुना आहे, हे मला एका पुस्तकात सापडलं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाच्या इस्पितळात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलं. महिनोन्महिने खाटेला खिळलेली माणसं उठली, जेवण मागायला लागली, व्हरांड्यात नाचायला लागली. क्षय बरा होतोय म्हणून नाचतायत, की हे औषधच नाचवतंय? पाच वर्षांनी, १९५७ साली, ते नैराश्यावर वापरलं गेलं. पुढे यकृताला घातक ठरून मागे पडलं, पण आपल्या सगळ्या गोळ्यांच्या घराण्याचं ते एक मूळ. मिरजेहून सांगलीला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. तिथेही क्षयाचं जुनं आरोग्यधाम होतं. बस तिथून जाते तेव्हा मला उगाच तिथल्या व्हरांड्यात माणसं नाचताना दिसतात, धोतर, लुगडी, खोकला आणि सगळं. त्यांना कुणी ‘हा आनंद तुमचाच ना?’ असं विचारायला गेलं असतं, तर त्यांनी त्यालाही हाताला धरून फुगडीत ओढला असता.

दोन आठवडे संपले तशी अर्धीची पूर्ण झाली. मी आईंना सांगितलं, “आता कातरायला नको.” त्यांचा चेहरा मुदतीआधी सेवानिवृत्त केल्यासारखा झाला. दुसऱ्या सकाळी बशीत गोळी होती, पण दोन तुकड्यांत. “घशाला सोपी जाते,” म्हणाल्या. मी काही बोलले नाही. अजूनही माझी पूर्ण गोळी दोन अर्ध्यांनी येते.

भोगीच्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा सात तास झोप झाली होती. फ्रीजरमधले मटार काढले. पावटा, ओला हरभरा, वांगं, गाजर घालून भाजी टाकली, बाजरीच्या भाकऱ्यांवर तीळ थापले. भाकरी फुगली आणि मला ती फुगलेली आवडली, एवढंच झालं. बाकी काही नाही. हात धुऊन कालनिर्णयपाशी गेले, ‘+१’ लिहिलं, जरा थांबले आणि पुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं. नवऱ्याने लांबूनच वाचलं आणि काही न विचारता दुसरी भाकरी घेतली.

दुपारी दुधाचा आकडा टाकायला आई उठल्या. संध्याकाळी मी पाहिलं तर चौकटीत माझ्या आकड्याखाली शाळेच्या फळ्यावरचं त्यांचं ठसठशीत अक्षर होतं: ‘दूध १ लि. आई +१ ?’

“आई, हे काय?”

“गुडघा नाही दुखला आज.”

“मग प्रश्नचिन्ह कशाला?”

त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली. “तू काढतेस ना? मला वाटलं, तसंच लिहायचं असतं.”