फुकटचे तीस

बारावीच्या रसायनशास्त्राचे शंभर गुण. सत्तर लेखी, तीस प्रात्यक्षिक. सत्तरांसाठी मूल तीन तास बसून पेपर लिहितं. तीस मात्र अनेक ठिकाणी नुसते वाटले जातात. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. वर्षभरात ज्याचा ब्युरेटला हात लागला नाही त्याला अठ्ठावीस, आणि जी मुलगी दर आठवड्याला ॲप्रन चढवून प्रयोगशाळेत उभी राहिली तिलाही अठ्ठावीस. असे गुण देऊन आपण मुलांचं भलं करतो, अशी समजूत आहे. मला ती मान्य नाही. आपण मुलांना फसवतो आहोत, आणि या फसवणुकीत क्लास, कॉलेज, बोर्ड आणि आपण पालक, सगळे सामील आहोत.

आमच्या ठाकुर्लीचंच घ्या. नव्वद फुटी रस्त्यावर, चोळेगावात, खंबाळपाड्याला, कुठल्याही सोसायटीत अकरावी-बारावी सायन्सचं मूल सापडतंच. त्याला विचारा, ‘कॉलेज कुठलं रे?’ तो आधी क्लासचं नाव सांगतो. कॉलेजचं नाव मागाहून येतं, कारण प्रवेश कुठेतरी लांबच्या कॉलेजात घेतलेला असतो आणि तिथे जायचं फक्त प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरतं. याला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात. सकाळची स्लो लोकल पकडून (ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही) पोरं डोंबिवली, कल्याण, ठाणे, कुणी थेट दादर गाठतात, रात्री दमून परततात. एवढ्या धावपळीत प्रयोगशाळा त्यांच्या वाटेत येतच नाही.

सरकारला हे ठाऊक आहे. जून २०१८ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि तेव्हाच्या औरंगाबाद विभागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्याचा आदेश निघाला, तोच मुळी क्लास आणि कॉलेजांचं साटंलोटं मोडायला. बारावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हा नियम तर त्याहून जुना. आदेश फायलीत गेला. इंटिग्रेटेडच्या जाहिराती अजून रस्तोरस्ती लटकत आहेत.

मग जानेवारी उजाडतो आणि जर्नलं लिहायची घाई सुटते. गेल्या वर्षीच्या कुणा ताईचं सर्टिफाय झालेलं जर्नल फोटो काढून काढून बिल्डिंगभर फिरतं. मुलं रात्री जागून ते उतरवतात. आकृती, आम्ल-आम्लारीचं समीकरण, तक्ता, उत्तर. रीडिंगसुद्धा ताईचीच. पाच टायट्रेशनची पंधरा रीडिंग आणि कुठेही दशांशाचा फरक नाही. ‘सी.बी.आर. किती लिहायचाय?’ एवढंच एकमेकांना विचारलं जातं. ब्युरेटचं स्थिर रीडिंग, जे हाताने काढायचं असतं, ते आधीच ठरलेलं. सतरा वर्षांच्या मुलाला आपण इथे न पाहिलेला आकडा पाहिला म्हणून लिहायला शिकवतो, त्याखाली सही करतो आणि त्याचे गुणही देतो.

हा प्रयोग खरा करून पाहिला तर काय मिळतं, ते सांगतो. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट, बारावीचं नेहमीचं टायट्रेशन. ब्युरेटमध्ये परमँगनेट भरायचं. ते इतकं गडद जांभळं असतं की पातळीची खालची कड दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. पिपेटने ऑक्झॅलिक आम्ल मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. पहिले थेंब पडतात तेव्हा रंग जायला वेळ लागतो. नवख्या मुलाला वाटतं, काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने तेच थेंब पडताक्षणी रंगहीन होऊ लागतात, कारण अभिक्रियेतून तयार झालेलं मँगनीजच तिचा वेग वाढवतं. घाई केली, द्रावण गार राहिलं किंवा आम्ल कमी पडलं तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो आणि सगळं ओतून पुन्हा सुरुवात. शेवटी एका थेंबाने फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तो एक थेंब हातून निसटला तर रीडिंग गेलं. हे तीनदा करायचं.

त्या तासाभरात मुलाला जे कळतं ते सत्तर गुणांच्या कुठल्याच प्रश्नात मावत नाही. हात थरथरतो म्हणजे काय, ०.१ मिलिलिटर म्हणजे किती, आपलं रीडिंग शेजारच्याशी जुळलं नाही तर आपलं खोडायचं की पुन्हा करून बघायचं. याच शेवटच्या गोष्टीला गुण हवेत. आज गुण मिळतात ते शेजारच्याचं उतरवण्याला.

शिक्षकांना झोडपणं सोपं आहे, पण त्यांचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं, रसायनांना पैसे कमी, एका तुकडीत मुलं भरमसाट. त्यातही अनेक जण तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हेच माहीत नाही. अशा माणसाने वीसच गुण द्यायचा प्रामाणिकपणा दाखवला तर पालक प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभे राहतात, ‘बाजूच्या कॉलेजात सरसकट तीस देतात, आमच्या मुलाचंच नुकसान का?’ आणि हा प्रश्न खोटाही नाही. एका कॉलेजने खरं मोजायचं ठरवलं तर त्याचीच मुलं मागे पडतात. म्हणून सगळेच हात सैल सोडतात. बाहेरून आलेला परीक्षकही आपल्या कॉलेजात उद्या कुणीतरी परीक्षक येणार आहे, हे जाणून असतो.

अंतर्गत गुणांत किती ताकद असते, हे महाराष्ट्राने दहावीला पाहिलं आहे. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेतले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल ७७.१० वर आला. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. मुलं एका वर्षात मंद झाली आणि दुसऱ्या वर्षात हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. २०२१ ला करोनामुळे बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीवरून ३०, ३०, ४० असा हिशेब लावून निकाल दिला, तो ९९.६३ टक्के. तेव्हा नाइलाज होता, ते मी समजू शकतो. आता कसला नाइलाज आहे?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘बोर्डाला विचारतो कोण? सगळं सीईटीवर आहे.’ इंजिनीअरिंगपुरतं ते खरं आहे. बारावीत खुल्या गटाला ४५ टक्के असले की पात्रता झाली, पुढे सीईटीचा पर्सेंटाइल. तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे. एका प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. त्यात ब्युरेट कुठून येणार? पण मग एक सांगा, बारावीचे गुण जर बिनकामाचे असतील तर ते फुगवायचा आटापिटा कशासाठी?

बिनकामाचे ते नाहीतच. ज्या मुलाच्या घरी क्लासच्या लाखाच्या फीचं नावही काढता येत नाही, जो सीईटीच्या वाटेला गेला नाही आणि साधं बी.एस्सी. करणार आहे, त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच होतो. तो रोज कॉलेजात गेला. प्रयोग केले, टेस्ट ट्यूब फोडल्या, त्यांचे पैसे भरले, सॉल्ट स्वतः ओळखलं, नायट्रेटचं तपकिरी कडं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला सत्तावीस. जर्नल उतरवणाऱ्याला एकोणतीस. गुणवत्ता यादीत हा खाली, तो वर. फुकटच्या तिसांची किंमत हे पोर मोजतं, आणि त्याच्या वतीने भांडायला प्राचार्यांच्या दाराशी कुणी उभं नसतं. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

आणि हे कुठे चाललंय? डोंबिवली एमआयडीसीच्या उशाशी. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनाने गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री तो बघायला आले. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट, पुन्हा दहाहून जास्त मृत्यू. या अपघातांची कारणं वेगळी आणि जबाबदार माणसं वेगळी, त्यांचा बारावीच्या जर्नलाशी संबंध जोडायला मी निघालेलो नाही. पण जिथे हवेला वास सुटला की माणसं खिडक्या लावून घेतात, तिथल्या मुलांना रसायन हाताळता यायला नको? बाटलीवरचं लेबल वाचणं, आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात, चष्मा का लावायचा, सांडलं तर आधी काय करायचं? यातलीच काही मुलं उद्या त्या कारखान्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये पाळीवर उभी राहतील. त्यांच्या रीडिंगवर माल पुढे जाईल किंवा अडेल. तिथेही ती ‘किती लिहायचाय?’ असं विचारणार का?

दुसरीकडे हेच कसं करतात तेही बघू. अमेरिकेत गेलेल्या आपल्याच नातेवाइकांना विचारा. तिथल्या हायस्कूलमध्ये ‘ऑनर्स केमिस्ट्री’ घेतली की पहिल्या आठवड्यात एक कागद घरी येतो. चाचणीला किती टक्के, प्रयोगाला किती, गृहपाठाला किती, उशिरा दिलं तर किती कापणार, नक्कल सापडली तर काय. अनेक शाळांत त्यावर आई-बाबांची सही लागते. त्यापुढची एपी केमिस्ट्री असेल तर शिकवण्याच्या वेळेतला किमान पाव वेळ प्रयोगशाळेत जायला हवा आणि निदान सोळा प्रयोग व्हायला हवेत. तिथेही रडारड चालते, गुणांसाठी वाद होतात. पण काय अपेक्षा आहे, हे मुलाला पहिल्या दिवशी लेखी माहीत असतं.

इतकं लांब जायचं नसेल तर सीबीएसई पाहा. तिथेही सत्तर आणि तीसच. पण तिसांची फोड जाहीर आहे: टायट्रेशनला आठ, सॉल्टला आठ, विषयावर आधारित प्रयोगाला सहा, प्रकल्पाला चार, वर्षभराच्या नोंदी आणि तोंडी परीक्षेला चार. लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं आणि गुणपत्रिकेवर दोन्ही आकडे वेगवेगळे छापून येतात. सढळ हात तिथेही आहेच. पण लेखीत तीस आणि प्रात्यक्षिकात तीस असं शेजारीशेजारी छापलेलं दिसलं की बघणाऱ्याला आपोआप कळतं. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर रसायनशास्त्रासमोर शंभरापैकी एकच आकडा येतो. कष्टाचे किती आणि दानाचे किती, आईलाही कळत नाही आणि मुलालाही.

पालकांनो, अकरावीच्या प्रवेशाला कॉलेज निवडाल तेव्हा कटऑफ जरूर पाहा, पण तिथल्या रसायनशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना तीन गोष्टी विचारा. वर्षात किती प्रयोग मूल स्वतः करेल? एका ब्युरेटमागे किती मुलं असतात? आणि तीस गुण कशाकशाचे, ते कागदावर लिहून मिळेल का? उत्तर द्यायला जे कचरतील त्यांच्याकडे फी भरू नका. मुलाला पंचवीस पडले आणि ते त्याच्या हातचे असतील तर भांडायला जाऊ नका, पाठ थोपटा. जे शिक्षक आजही खरे गुण देतात, त्यांच्या पाठीशी निदान एकदा तरी जाऊन उभे राहा.

बोर्डाने यंदापासून एवढंच करावं. गुणपत्रिकेवर सत्तर आणि तीस वेगवेगळे छापावेत.