'बिघाड व उपाय' या पानाच्या लेखकास इस्लापूरहून अनावृत पत्र

प्रति,
मा. माहितीपुस्तिका लेखक,
एसी, कूलर व तत्सम यंत्रे

विषय: 'बिघाड व उपाय' या पानावरचे उपाय आमच्या बिघाडांना लागू न पडण्याबाबत.

महोदय,

आपली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. असा वाचक आपल्याला पहिल्यांदाच भेटत असेल. आमच्याकडे पुस्तिका खोक्यातल्या थर्माकोलसोबत थेट माळ्यावर जाते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कव्हर काढलं की सगळ्यांच्या पुस्तिका सारख्याच निघतात.

आधी कौतुक. गरम हवेच्या प्रकरणात आपण लिहिलंय, की बाहेर कडाक्याची थंडी असताना यंत्रानं मध्येच गरम हवा थांबवली तर घाबरू नका, ते अंगावरचं बर्फ वितळवत असतं. हे मे महिन्यात इस्लापुरात वाचलं आणि पुस्तिकेनं यंत्रापेक्षा जास्त गारवा दिला. थंडी आम्हाला माहीतच नाही असं मात्र समजू नका. शेजारच्या आदिलाबादचा पारा हिवाळ्यात एका आकड्यावर उतरतो आणि किनवटच्या सागवानी रानातली पहाटही फार दयाळू नसते. पण आमचं सेंट्रल हीटिंग म्हणजे गल्लीच्या मधोमध पेटलेली शेकोटी. तिच्यात बिघाड झाला तर वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी आणतात, आणि हमी संपल्याचं कुणी सांगत नाही.

आता तक्त्याकडे येतो. पहिली ओळ: 'यंत्र सुरू होत नाही. वीजपुरवठा तपासा.' तपासला. लाईट आहे, पण ती नुसती दिसण्यापुरती. आपण 230 व्होल्ट गृहीत धरता. आमच्या डीपीवर मे महिन्यातल्या दुपारी गावातले सगळे कूलर, पिठाची गिरणी आणि बोअरच्या मोटारी एकाच वेळी बसतात, आणि लाईनच्या शेवटच्या घरापर्यंत जे पोचतं त्याला आमचे मिस्त्री 'उरलंसुरलं होल्टेज' म्हणतात. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. थोडा निवला की पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद. घरमालक म्हणतो, मशीन खराब निघालं. मिस्त्री मीटर लावून म्हणतो, "मशीनला काई झालं नाही सर, होल्टेज दमलंय." एवढं निदान आपल्या साठ पानांत नाही. 'आवश्यक असल्यास स्टॅबिलायझर वापरा' एवढंच वाक्य आहे. तो घेताना त्याची खालची मर्यादा 170 आहे की 130, हे बघायला कोण सांगणार? आम्ही दुकानात वरचा आकडा बघतो आणि मार खातो खालच्या आकड्याचा.

त्यात खोक्यावर आपण मोठ्या अक्षरात 'इन्व्हर्टर' छापलंय. आमच्याकडे इन्व्हर्टर म्हणजे कोपऱ्यातली बॅटरी, जिच्यावर लाईट गेल्यावर पंखा चालतो. तेव्हा लाईट गेल्यावरही हा एसी चालेल असं समजून पैसे मोजणारे गावोगाव आहेत. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त करणारी ती यंत्रणा. वीज वाचते, हे खरं. पण वाचवायला आधी वीज असावी लागते.

दुसरी ओळ: 'पुरेसा गारवा मिळत नाही. दारेखिडक्या बंद करा.' साहेब, एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 आणि खोलीत 27 अंश ठेवून. बाहेर 35 म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकायची वेळ. दुपारी 43-44 अंशांत बाहेरच्या युनिटनं खोलीतली उष्णता टाकायची कुठे? त्याहून तापलेल्या हवेत. मग आतला दाब वाढतो, बिल वाढतं आणि गारवा तेवढा घटतो. वर ते युनिट बसवलेलं असतं तापलेल्या पत्र्यावर, कारण बसवणाऱ्याला पाइप आखूड लागतो. सावलीत बसवा, मागे मोकळी जागा सोडा, पत्र्यावर ठेवू नका, ही तीन वाक्यं छापायला आपल्याला किती शाई लागली असती?

आणि खरा बिघाड तर यंत्राच्याही वर आहे. मराठवाड्यातली जुनी घरं माळवदाची. मातीचा जाड थर डोक्यावर असायचा, त्यामुळे दुपारचं ऊन खोलीत उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आता तिथं पत्रे आले आणि पत्र्याखाली दीड टन आला. एक टन म्हणजे साधारण 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळवील एवढी उष्णता ओढण्याची ताकद. ही सगळी ताकद एकट्या पत्र्याशी भांडण्यात खर्च होते. लोक आपले पत्र्यावर तुराट्या पसरतात, चुना मारतात, खालून तट्ट्या लावतात आणि खोलीला बराच आराम पडतो. हा उपाय आपल्या तक्त्यात नाही. त्याचा सुटा भाग विकता येत नसावा.

इतिहास म्हणून सांगतो, विलिस कॅरियरनं 1902 साली हे एसीचं यंत्र मांडलं ते न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगांची छपाई सरकायची. म्हणजे या यंत्राला पहिली काळजी कागदाची. आपली पुस्तिका वाचताना ती परंपरा पुढे चालू असल्याचं जाणवतं.

तिसरी ओळ: 'गॅस कमी असू शकतो. अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.' या एका ओळीवर किती घरं लुटली गेली! यंत्रातला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता 'दरवर्षी भरावाच लागतो' म्हणणारा माणूस दरवर्षी येतो, आणि आम्ही त्याला चहा देतो. साबणाचा फेस सांध्यांवर लावला तर बुडबुडा चोर दाखवतो. नळीवर बर्फ जमलं तरी लगेच गॅसचं नाव घेऊ नये. आमच्या धुळीत जाळीवर अगदी गोधडीसारखा थर बसतो, हवा अडते आणि आतली कॉइल गोठते. आधी जाळी धुवा. ती धुवायला केंद्रातला माणूस लागत नाही. आणि केंद्र तरी कुठे? नांदेडला. भोकरमार्गे जाऊन यायला दिवस मोडतो. तिथला माणूस इकडे आलाच, तर तो 'नो फॉल्ट' लिहून जातो, कारण तो येतो सकाळी, आणि सकाळी व्होल्टेज असतं.

बाहेरच्या युनिटच्या सर्किटवर पाल चिकटून जळते, रिलेत मुंग्या शिरतात, उंदीर वायर कुरतडतो. आपल्या तक्त्यात या तिघांपैकी एकाचंही नाव नाही. 'एरर कोड' मात्र एका पानाचे आहेत.

आता कूलरबद्दल, कारण इस्लापुरात खरं राज्य त्याचंच. कूलर पाण्याची वाफ करून हवेतली उष्णता काढतो. म्हणून हवा कोरडी हवी आणि आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. एसीच्या पुस्तिकेतलं 'दारेखिडक्या बंद करा' लोक कूलरलाही लावतात आणि तासाभरात खोलीची न्हाणी होते. मग पंप बदलतात, गवत बदलतात, शेवटी मोटारीचा कंडेन्सर बदलतात. खिडकी कुणी उघडत नाही. बोअरच्या जड पाण्यानं गवतावर क्षार साचतात, मग पाणी झिरपत नाही. टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण काढून टाकावं, हा फुकटचा उपाय आहे. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर चिकट हवा फेकतो. तो बिघाड नव्हे, ऋतू आहे.

फुकटचा म्हणालो खरा, पण पाणी फुकट नसतं. 'टाकी नेहमी भरलेली ठेवा' असं आपण लिहिता. पैनगंगेचं सहस्रकुंड आमच्या शेजारी. पावसाळ्यात त्याचा आवाज लांबवर जातो आणि मे महिन्यात नुसता काळा खडक दिसतो. शेजारच्या लातुराला तर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात टाकी भरायला सांगणारा माणूस आम्हाला प्रत्यक्ष भेटायला हवा होता.

थट्टा इथं थांबवतो. ओल्या फरशीवर लोखंडी कूलर, अर्थिंगची वायर तोडलेली किंवा दोन पिनांच्या प्लगात लोंबकळणारी, आणि कूलर चालू असतानाच बादलीनं पाणी ओतणारी बाई किंवा पोर. दर उन्हाळ्यात मराठवाड्या-विदर्भाच्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून गेलेल्यांच्या बातम्या असतात. आपल्या पुस्तिकेत अर्थिंगचा उल्लेख चाळिसाव्या पानावर, बारीक टायपात, 'स्थानिक नियमांनुसार' अशा शब्दांत आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या आवृत्तीत बर्फाचं प्रकरण खुशाल राहू द्या, पण पहिल्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत छापा: तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग मिस्त्रीकडून तपासून घ्या, 30 मिलिअँपिअर गळतीला आपोआप तुटणारा सुरक्षा स्विच बसवा, आणि पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. ते पान फाडून भिंतीला चिकटवता येईल असंही करा. बाकीची पुस्तिका माळ्यावर गेली तरी आमची तक्रार नाही.

कळावे,
आपला,
एक ग्राहक
इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड