परदेशी सेवेसाठी देश कसा निवडावा: वसई-विरार पद्धत

परदेशी जाऊन फुकट सेवा करायची तर देश कोणता निवडावा, हा प्रश्न वसई-विरारला नवा नाही. त्याची सर्वांत जुनी कथा नालासोपाऱ्याची, म्हणजे प्राचीन शूर्पारकाची आहे. बौद्ध परंपरेनुसार तिथला पूर्ण नावाचा व्यापारी भिक्षू झाला. धर्मप्रसाराला कुठे जाणार, असे बुद्धाने विचारल्यावर त्याने श्रोणापरांताचे नाव घेतले. हा प्रदेश सोपाऱ्याच्याच आसपासचा मानला जातो. थोडक्यात, व्यापारासाठी समुद्र पालथा घालून आलेल्या माणसाने सेवेसाठी फिरून घरचीच बाजू मागितली. मग मुलाखत झाली. तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? हात उचलला नाही, म्हणजे भलेच लोक, असे पूर्णाचे उत्तर. हात उचलला तर? ढेकळे तर मारली नाहीत! प्रश्न ढेकळांवरून काठीवर, काठीवरून शस्त्रावर आणि शेवटी जिवावर गेले, तरी उमेदवाराची तक्रार नाही. परवानगी मिळाली. कठीण परिस्थितीत तुम्ही काय कराल, हा प्रश्न आजच्या स्वयंसेवकालाही विचारतात. रोज सकाळी विरारहून चर्चगेट गाठणाऱ्याला त्याचा वेगळा अभ्यास लागत नाही.

दोन देशांमधला खरा पेच मात्र संत गोन्सालो गार्सिया यांच्यापुढे आला. वडील पोर्तुगीज, आई वसईची, जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा, शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे. मिसरूड फुटण्याच्या वयात ते पाद्र्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे राबले. जेझुइट संघात कायम घ्या, ही विनंती मात्र मान्य झाली नाही. काम उत्तम आहे, पण कायम करता येत नाही, हे कंत्राटी नोकरीतल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसवला आणि पुढे फिलिपिन्समध्ये मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. देशाची निवड झाली, असे वाटण्याची ही वेळ. पण 1593 साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवायचे होते, आणि दुभाष्या हवा होता. नालासोपाऱ्याचा माणूस बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा विरारला जातो आणि त्याच गाडीने पुन्हा नालासोपाऱ्यावरूनच चर्चगेटकडे निघतो, तसा हा प्रवास झाला. जागा मनिलात मिळाली आणि गाडी जपानला गेली. पुढचा भाग विनोदाचा नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस साथीदारांसह त्यांना क्रुसावर चढवून मारले गेले. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतले एक कॉलेज त्यांच्या नावाने चालते.

आजच्या उमेदवारासमोर समजा नेपाळ आणि केनिया असे दोन देश आहेत. नेपाळला भारतीयाला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत वाचता येतात, आणि गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सोनौलीची सीमा चालत ओलांडता येते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. पश्चिम रेल्वेच्या प्रवाशाला एवढा फरक जाणवत नाही. एक सावधगिरी मात्र थट्टेची नाही: तिथल्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि पाहुण्या स्वयंसेवकांच्या हौसेमुळेच अशी काही घरे चालतात, त्यामुळे ते काम टाळलेलेच बरे.

केनियाला आधी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो आणि पीतज्वराची लस घ्यावी लागते. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो. तो नसेल तर परतल्यावर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहायची पाळी येते. इथवर नेपाळचे पारडे जड आहे.

पण निर्णय घरच्यांच्या हातात असतो, आणि त्यांची प्रश्नपत्रिका वेगळी. पगार किती, हा पहिला प्रश्न. पगार नाही, उलट राहण्याजेवणाचे पैसे बहुधा आपणच संस्थेला भरायचे, हे उत्तर आजी दोनदा वदवून घेते, कारण पहिल्यांदा तिला ऐकण्यात चूक झाली असे वाटते. दुसरा प्रश्न मासळीचा. नेपाळला समुद्र नाही, हे कळताच अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या घरात नेपाळची चर्चा तिथेच संपते. केनियाला मोंबासा आहे, समुद्र आहे, नारळ आणि केळीही आहेत. शिवाय तिथे पोर्तुगिजांनी 1593 ते 1596 या काळात बांधलेला फोर्ट जीझस आहे, म्हणजे वसईकराला परकेपणा वाटायचे कारण नाही. पोर्तुगिजांनी मोंबासा 1698 मध्ये ओमानच्या अरबांच्या हाती गमावले, पुढे वर्षभर परत मिळवले आणि पुन्हा घालवले. वसई 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली. मोंबासाच्या किल्ल्यात आज संग्रहालय आहे. आपल्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढतात, एवढा फरक घरच्यांनी मान्य करावा.

राहिला विमानतळाचा प्रवास. नकाशावर मुंबई ते नैरोबी हा टप्पा मोठा दिसतो, पण अवघड टप्पा विरार ते अंधेरी हाच. मोठी बॅग घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढता येत नाही, चढलेच तर अंधेरीला उतरता येत नाही, आणि टॅक्सी केली तर महामार्गावर वर्सोवा पुलाशी अर्धे आयुष्य जाते. म्हणून जाणकार वसईकर दोन्ही देशांच्या सेवाकार्याची माहिती वाचण्याआधी विमानाची वेळ पाहतो. सकाळी अकराच्या सुमारास सुटणारे विमान ज्या देशाचे असेल, तो देश यादीतून आधीच वगळला जातो.