लाँग केस

उन्हाळा तापला की आबांचा फोन येतो. "डॉक्टर, तारीख निघाली का?"

तारीख म्हणजे एमडीच्या प्रॅक्टिकलची. आबा शिकलेत सातवीपर्यंत, पण गेली चौदा वर्षं ते एमडीच्या परीक्षेला बसतात. बसतात म्हणजे झोपतात, खाटेवर, शर्ट काढून. आबा परीक्षेचे पेशंट आहेत.

आमच्या जिल्ह्यात दोन जुनी मेडिकल कॉलेजं. एक लोणीला, जिथं साखर कारखान्याची चिमणी आधी आली आणि 1984 साली कॉलेज. दुसरं विळद घाटात. आबांचं कोणतं ते मी सांगणार नाही. मला अजून याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करायची आहे.

तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटचा थिसिस एकदाचा जमा झाला, हॅरिसनचे दोन ठोकळे वाचून झाले (किंवा वाचून झाले असं घरी सांगून झालं), की ज्युनिअर लोक केस जमवायला लागतात. एक कळकट वही असते. तीत पेशंटची नावं कुणी लिहीत नाही, अवयव आणि गाव लिहितात. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री वॉर्डात असे संवाद ऐकू येतात : "कोपरगावची प्लीहा निघाली का?" "निघाली, एसटीत आहे." "आणि शेवगावचं लिव्हर?" "त्यांच्याकडं जागरण-गोंधळ आहे, येत नाही म्हणाले." मग एकदम रडकुंडीला आलेला आवाज : "सर, पाथर्डीचा पार्किन्सन सर्जरीवाल्यांनी पळवला! त्याला हर्निया पण आहे!"

आबांना पळवायची कुणाची हिंमत नाही. येण्याजाण्याचं भाडं, दोन वेळचं जेवण, हातखर्चाला थोडे पैसे आणि खिडकीजवळची खाट, हा त्यांचा ठरलेला मान. त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप आखडलेली आहे. लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते, आज गुडघा, उद्या मनगट. सांधे मोकळे झाले, झडप मात्र अडकली ती अडकलीच. तिच्यातून रक्त जाताना जो आवाज (आमच्या भाषेत मर्मर) होतो तो फार खालच्या पट्टीतला, शेजारच्या घरात कुणी जातं ओढावं तसा. स्टेथोस्कोपची बेल हलक्या हातानं टेकवायची, पेशंटला डाव्या कुशीवर घ्यायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, तेव्हा कुठं तो कानात येतो. यातलं काहीच आबांना सांगावं लागत नाही. पोरगा खाटेजवळ आला की ते स्वतःच कुशीवर होतात, श्वास सोडतात आणि डोळे मिटून घेतात. फोटोसाठी बसलेला माणूस जसा आपणहून हनुवटी वर करतो तसं.

पण आबांची स्वतःची एक परीक्षा असते आणि ती खरी परीक्षा सुरू होण्याआधीच होऊन जाते. उमेदवारानं उजव्या बाजूला उभं राहायचं. पडदा ओढायचा. हात चोळून गरम करायचे. "आबा, चहा झाला का?" हा प्रश्न हॅरिसनमध्ये नाही, पण याला निम्मे मार्क आहेत. हे सगळं जमलं तर आबा हिस्ट्री अशी देतात की नुसती उतरवून घ्यावी : आधी चढावर धाप, मग सपाटीवर, मग रात्री उशाला दोन उश्या, मग पायावर सूज; महिने-वर्षांसकट, क्रमानं. आणि एखाद्यानं गार हात छातीवर ठेवला, की आबा पोट साफ होत नाही इथून सुरुवात करतात आणि अर्धा तास तिथून हलत नाहीत.

केरळची एक रेसिडेंट होती. तिनं मराठी दुखण्यांची स्वतंत्र वही केली होती : चमक, कळ, ठणका, कलमलणं, कसनुसं होणं. शेवटच्या शब्दासमोर तिनं इंग्रजीत फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. आबांनी तिला सगळी वही समजावून दिली. कसनुशावर मात्र तेही अडले. "ते व्हावं लागतं बाई," म्हणाले.

स्टेथोस्कोपचा शोध कसा लागला हे त्यांना माझ्याच एका सिनिअरनं सांगितलेलं. 1816 साल, पॅरिस, लॅनेक नावाचा डॉक्टर. तरुण बाईच्या छातीला कान कसा लावायचा म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. आबा विचारात पडले. "भला माणूस. पण हाताचं त्यानं काय केलं? थंड मुलूख ना तो."

निदान मात्र ते कुणालाही फोडत नाहीत. "कापी मी करू देत नाय." फक्त खोकतात. मी परीक्षेला उभा राहिलो तेव्हा लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा पेशंट, आबाच होते. मी पुस्तकातलं सगळं घडाघडा म्हटलं, आणि शेवटी, पहिल्या ठोक्याच्या आधी मर्मर वाढतो, असंही ठोकून दिलं. आबा खोकले. मला वाटलं, धूळ असेल. पुन्हा खोकले. बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "डॉक्टर, नाडी पाहिलीत?"

नाडी कशीही, कधीही पडत होती. दोन ठोक्यांत मेळ नाही. वरचा कप्पा नुसताच थरथरत असेल तर आकुंचन कसलं आणि मर्मर वाढणार कसला? मी पास झालो, पण कसा ते आबांना आणि मला ठाऊक. जाताना मी पाया पडलो. "आधी मनगट धरायचं, मग छाती," एवढंच बोलले.

फुगा घालून झडप उघडून घ्या, असं त्यांना आम्ही सगळ्यांनीच सांगून पाहिलं. सल्ला देणारे येत, परीक्षा देऊन पास होऊन जात, आबा तिथंच. एकदा खरं कारण बोलले : "फुगा घातला आन् आवाजच गेला, तर पोरांनी ऐकायचं काय?" शेवटी दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात धाप इतकी वाढली की बसूनच झोपायची वेळ आली. मग जांघेतून तार गेली, फुगा फुगला, झडप उघडली. धाप गेली. थोडी गळती तेवढी राहिली. आम्ही म्हटलं, आबा रिटायर झाले.

यंदा मे महिन्यात फोन. "डॉक्टर, तारीख निघाली का?"

"आबा, आता तुमचं काय काम?"

"काम वाढलंय. दोन आवाज झालेत आता, नवा काखेकडं जातो. पोरांना सांगा, वाचून या म्हणावं."