दाजींचे घरचे जंतू

आमचे दाजी सलूनच्या खुर्चीत बसले की घाम न्हाव्याला फुटतो. "ब्लेडची पुडी माझ्यासमोर फोड. आणि हा टॉवेल कुणाच्या मानेवरचा? झटकू नकोस, बदल." एवढ्यावर थांबतील तर ते दाजी कसले! कावीळ, एड्स, गजकर्ण अशी चढती भाजणी ऐकवतात. गालावरचा फेस तोवर वाळून जातो.

हेच दाजी घरी मात्र ताईनं सकाळी पोटऱ्यांवर फिरवलेलं रेझर उचलतात, नळाखाली धरल्यासारखं करतात आणि खुशाल हनुवटीवर ओढतात.

त्यांच्या न्हाणीघरात सगळं दोघांत एक. पंचा एक, फणी एक (दाजींच्या डोक्यावर तिला काय काम, हे विचारायचं नाही) आणि खिळ्याला टांगलेलं, किल्ल्यांच्या जुडग्यातलं नेलकटरही एकच. वेगळं घ्या म्हटलं की, "सप्तपदी काय वेगवेगळी चाललो?" ताईच्या मते खरं कारण पात्यांची किंमत.

दाजींच्या लेखी जंतू परक्यांचे असतात. घरचे जंतू म्हणजे नात्यातलेच, ते आपल्याला काय करणार?

गेल्या पावसाळ्यात दाजींच्या पायांना चिखल्या झाल्या. मग अंगठ्याचं नख पिवळं, जाड, ठिसूळ झालं. दिवाळीपर्यंत ताईचंही तसंच. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन अंगठे शेजारी शेजारी पाहिले आणि एवढंच विचारलं, "नेलकटर एकच का?"

नखात बुरशी होती. बोलता बोलता रेझरही निघालं, तशा बाई खुर्चीत सरळ झाल्या. "दाढी करताना बारीक कापतंच. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान 7 दिवस जिवंत राहतो. ज्याच्या अंगात असतो त्याला कित्येकदा पत्ताही नसतो. बीवर लस तरी आहे, सीवर तीही नाही."

दाजी गप्प. लग्नानंतर प्रथमच, असं ताई म्हणते.

बाईंनी दोघांना 3 महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. कागद हातात घेऊन दाजींनी हळूच विचारलं, "दोघांत एकच कोर्स नाही का चालणार?"

आता न्हाणीघरात रेझर दोन आहेत, नेलकटर दोन आहेत. पायाच्या अंगठ्याचं नख पुरतं नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ताईचं निम्म्यावर आलंय.