बुलेटचा दुसरा प्लग

रविवारी सकाळी केळव्यात समुद्राच्या आधी बुलेट ऐकू येतात. विरार-वसईकडची मंडळी टोळ्या करून सफाळ्याच्या रस्त्याने येतात, शितलादेवीच्या देवळापाशी उगाच एकदा ॲक्सिलरेटर पिळतात आणि सुरूच्या बनात गाड्या लावून वडापाव खातात. अंगावरची जॅकेटं पाहिली तर लडाखला निघाले होते आणि वाटेत केळवे लागलं असं वाटावं. त्यांच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात. एवढ्या एका कारणावरून आम्ही जुने बुलेटवाले त्यांना बुलेटवाले मानत नाही.

माझी बुलेट वडिलांची. पानवेलीला भाव होता तेव्हा घेतलेली. बिडाचा सिलिंडर, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ती सुरू करणं हा विधी असतो. ॲम्पिअर मीटरचा काटा हलवून मध्यावर आणायचा, डाव्या मुठीजवळचा डीकॉम्प्रेसरचा चिमुकला लिव्हर दाबायचा म्हणजे सिलिंडरातली कोंडलेली हवा सुटते, पिस्टनला माथ्यावरून किंचित पुढे ढकलायचं, लिव्हर सोडायचा आणि कुलदैवत आठवून किक मारायची. यातली एक पायरी गाळली की किक उलटते आणि पिंडरी सोलून काढते. केळव्यात कोणी लंगडताना दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. माडावरून पडलास, की बुलेटने मारलं?

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पुतण्याने पल्सर घेतली. पल्सर बाजारात आली २००१ साली, पण खरा कहर झाला २००३ साली, तिच्यावर ‘डीटीएस-आय’ ही अक्षरं आली तेव्हा. एकाच सिलिंडरला दोन प्लग, एक या बाजूने आणि एक त्या. अक्षरांचा अर्थ फारसा कोणाला ठाऊक नव्हता, पण ती असलेली गाडी नसलेल्या गाडीपेक्षा थोर, एवढं सगळ्यांना कळलं. पुढे ते स्टिकर सुटंही मिळायला लागलं. मी ते बोंबलाच्या पाट्या वाहणाऱ्या एका एम-८०वर पाहिलं आहे, आणि पालघर स्टेशनाबाहेर एका रिक्षावरही.

“काका, तुमच्या गाडीत एकच प्लग?” पुतण्याने चारचौघांत विचारलं.

मी म्हटलं, “एकच पुरतो.”

पण रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींकडे गेलो.

शेजारच्या माहीमच्या रस्त्यावर एका चिंचेखाली आमच्या मेस्त्रींचं गॅरेज आहे. त्यांचा स्वभाव असा की ‘होणार नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. ‘कधी होईल’ हेही कोणी ऐकलेलं नाही. त्यांनी हेडभोवती एक चक्कर मारली आणि डीकॉम्प्रेसरवर बोट ठेवलं. “भोक कंपनीने दिलेलंच आहे. हा काढायचा, आटे पाडायचे, प्लग बसवायचा.”

जुन्या बिडाच्या बुलेटला दुसरा प्लग द्यायचा म्हटलं की सगळ्यांची पहिली नजर तिथेच जाते. हेडमध्ये नवीन भोक पाडण्यापेक्षा असलेलं वापरणं बरं. फक्त मग डीकॉम्प्रेसर जातो, म्हणजे किक मारताना हवा सोडायची सोय जाते. हे मेस्त्रींनी सांगितलं, पण ‘एक छोटी गोष्ट आहे’ अशा सुरात. मेस्त्री लोकांच्या तोंडी ‘छोटी गोष्ट’ आली की खिशावर हात ठेवावा.

आटे जुळवायला हेड बोईसरला न्यावं लागलं. तारापूर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने ते हातात घेतलं, फिरवलं, भोकातून आभाळ पाहिलं आणि विचारलं, “कशासाठी?” या प्रश्नाचं उत्तर मी वाटेत तयार करायला हवं होतं. प्लगचं टोक आत चेंबरच्या भिंतीशी नेमकं यायला हवं, असं त्यानेच समजावलं. जास्त आत आलं तर व्हॉल्व्हला किंवा पिस्टनला टेकेल, खड्ड्यात राहिलं तर ठिणगी कोपऱ्यात पडेल आणि काजळी धरेल. त्याने चोख काम केलं. गिऱ्हाइकाच्या बुद्धीबद्दल मात्र त्याचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

आता दोन प्लगने नक्की होतं काय? हे मला आमच्या भावोजींनी समजावलं. भावोजी तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. १९६९ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, त्यामुळे आमच्या पट्ट्यात तिथून निवृत्त झालेल्या माणसाला पंख्याच्या रेग्युलेटरपासून जावयाच्या पत्रिकेपर्यंत सगळं विचारतात. त्यांनी कागदावर वर्तुळ काढलं, बाण काढले, अंश लिहिले. मला ते कळलं, पण गावात सांगायचं तर गावच्या पद्धतीनेच सांगायला हवं.

समजा, एक बातमी केळवेभर करायची आहे. स्टेशनाकडच्या टोकाला एक आत्या बसवली आणि तिच्या कानात सांगितलं. बातमी वाडी पेटवत पेटवत निघते, पण दांडा खाडीकडे पोचेपर्यंत संध्याकाळ होते. संध्याकाळी गाव हललेलं हवं असेल तर आत्याला पहाटेच गाठलं पाहिजे. जुन्या बुलेटचं तसंच. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, प्लग एका कडेला. ज्योत पलीकडे पोचायला वेळ लागतो आणि पिस्टन कोणासाठी थांबत नाही, म्हणून तो माथ्यावर पोचायच्या बऱ्याच आधी ठिणगी टाकून ठेवावी लागते. यालाच ॲडव्हान्स म्हणतात. आता दांड्याकडे दुसरी आत्या बसवा. दोन्हीकडून बातमी निघते, मधे भेटते आणि निम्म्या वेळात गाव पेटतं. मग पहाटे उठायची गरज नाही, जेवूनखाऊन दुपारी सांगितलं तरी चालतं. एकाच आत्याच्या भरवशावर राहिलं की आणखी एक धोका असतो. बातमी रेंगाळली की लांबच्या लोकांना आपोआपच वास लागतो आणि ती पोचायच्या आत ते स्वतःचीच एक बातमी पेटवून देतात. दोन बातम्या समोरासमोर आदळतात. इंजिनात हे झालं की आतून खणखण आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात आणि त्यात पिस्टनची वाट लागते. गावात काय होतं ते सांगायला नको.

म्हणजे दुसरा प्लग लावला की गाडीची घाई कमी करायची असते. टायमिंग मागे घ्यायचं असतं. हे एवढं सोडून बाकी सगळं गावाला कळलं. दोन प्लग म्हणजे दुप्पट ताकद, असं गणित नाक्यावर पक्कं झालं होतं. ‘आता दोन माणसं जास्त बसतील’ इथपासून ‘पेट्रोल दुप्पट जाणार’ इथपर्यंत मतं होती आणि ती गॅरेजमध्ये येऊन, चहा पिऊन दिली जात होती.

दुसऱ्या प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा प्रश्न मेस्त्रींनी भंगारातून सोडवला. जुन्या ६ व्होल्टच्या दोन कॉइल एकापुढे एक जोडल्या की १२ व्होल्टवर आरामात चालतात आणि एकाच पॉइंटवर, म्हणजे ठिणगी सोडणाऱ्या खटक्यावर, दोन्ही प्लगना एकदम ठिणगी मिळते. इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांचे शौकीनही हीच युक्ती करतात, असं मी त्यांना सांगितलं, तर मेस्त्री म्हणाले, “त्यांच्याकडेपण भंगारवाला असेल.”

ठिणगी तपासायचा कार्यक्रम चिंचेखालीच झाला. दोन्ही प्लग बाहेर काढून हेडच्या पात्यांवर टेकवले, मेस्त्रींनी किक मारली, एका प्लगवर निळी ठिणगी उडाली, दुसरा गप्प. भावोजी पुढे झाले. “धर नीट, अर्थिंग होत नाहीये,” असं म्हणत त्यांनी तो प्लग स्वतःच बोटांत धरला, तेवढ्यात मेस्त्रींनी पुन्हा किक मारली. कॉइलमधून येणारे व्होल्ट हजारांत असतात. आयुष्यभर छातीवर डोसीमीटर लावून फिरलेला, सुरक्षेवर भाषणं दिलेला माणूस त्या क्षणी जो शब्द बोलला तो कुठल्याही नियमपुस्तकात नाही. वायर मात्र ठीक होती, हे त्यातून सिद्ध झालं.

आणि मग टायमिंग. भावोजींनी हिशेब मांडला: मिनिटाला ४००० फेऱ्या असतील तर क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा चोवीस हजारावा भाग. हा एवढासा वेळ पकडायला मेस्त्रींनी काय काढलं, तर सायकलचा एक स्पोक आणि सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. प्लगच्या भोकातून स्पोक पिस्टनवर टेकवला, किक हाताने हळूहळू दाबली. स्पोक वर येतो, येतो, थांबतो. तो थांबला की पिस्टन माथ्यावर. तिथून केसभर मागे. मग पॉइंटच्या फटीत कागद अडकवून तो दोन बोटांनी अलगद ओढत राहायचं. पॉइंट उघडतात त्या क्षणी कागद सुटतो. मेस्त्रींचे डोळे मिटलेले, ओठ हलतायत, कागद सुटला की ‘हं’. त्या वेळी चिंचेखाली कोणी मत दिलं नाही. आमच्या गावात अशी शांतता मतमोजणीच्या शेवटच्या फेरीतच असते.

पण मेस्त्रींनी टायमिंग मागे घेतलं नव्हतं. “आधी जुन्यावर बघू,” ते म्हणाले. भावोजींनी हरकत घेतली, पण शॉकनंतर त्यांच्या शब्दाचं वजन जरा कमी झालं होतं. डीकॉम्प्रेसर गेलेला, ठिणगी वेळेआधी आणि दोन्हीकडून. पहिली किक मारायचा मान पुतण्याने मागून घेतला. गाडीने त्याला उचलून थेट आळवाच्या वाफ्यात ठेवलं. मला दुःख झालं, पण ते फार खोल गेलं नाही.

टायमिंग मागे घेतलं, आणि काय सांगावं! गाडी दुसऱ्या का तिसऱ्या किकला लागली आणि कानात सांगितल्यासारखी हळू चालत राहिली. पूर्वी ती आयडलिंगला दोनदा पेटायची, एकदा विसरायची. आता विसरेना. माहीमवरून पालघरला जाताना चौथ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्या वेगाने चालवली तरी धक्के मारत नव्हती. वेग? वेग तसूभर वाढला नाही. पुतण्याची पल्सर आजही मला पाणेरीच्या पुलावर मागे टाकते.

तो दुसरा प्लग काम करतोय की नाही हे पाहायची रीत विमानवाल्यांची आहे. पिस्टनच्या विमानांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना दोन वेगळे मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी वैमानिक एकेक बंद करून इंजिनाच्या फेऱ्या किती उतरतात ते बघतो. मेस्त्री एक टोपण उपसतात, फेऱ्या उतरतात, पुन्हा लावतात, चढतात. हे पाहायला शाळा सुटल्यावर पोरं जमायची. भावोजींना मात्र यातलं एकच पटलं. एक प्लग मेला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. “प्रत्येक गोष्टीला दुसरी हवी,” हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व. माझ्या बायकोने ते ऐकलं आणि म्हणाली, “तत्त्व गाडीपुरतंच ठेवा.”

या दुसऱ्या प्लगवरून मोठमोठ्या कंपन्याही भांडल्या आहेत. पल्सरवाल्या बजाजने २००२ साली पेटंटचा अर्ज केला. २००७ साली टीव्हीएसने ‘फ्लेम’ नावाची मोटरसायकल पुढे आणली, तिच्यातही दोन प्लग. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं, २००८च्या फेब्रुवारीत मनाई झाली आणि टीव्हीएसला फ्लेम एकाच प्लगवर बाजारात आणावी लागली. २००९ साली खंडपीठाने मनाई उठवली. मग सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी विका, पण विक्रीचा हिशेब ठेवा, आणि मूळ दावा रोजच्या रोज चालवून काही महिन्यांत निकाली काढा. शेवटी समेट झाला २०१९ साली. बांधावरच्या माडासाठी पालघरच्या कोर्टात हयात घालवणाऱ्या आमच्या गावाला ही हकिकत फार आपली वाटली. एका म्हाताऱ्या काकांनी तर विचारलं, “प्लगची मोजणी झाली होती का?”

सगळ्यांत मजा रॉयल एनफिल्डची. मधल्या काळात त्यांनी ३५० सीसीच्या नव्या इंजिनाला दोन प्लग दिले, तसं मिरवलंही. पुढे २०२० साली मीटिअर आली, २०२१ साली नवी क्लासिक आली, इंजिन आणखी नवं झालं आणि प्लग पुन्हा एक. दहन-कोठीचा आकार आणि इंधन फवारायची पद्धत सुधारली की दुसऱ्या आत्येची गरज उरत नाही. रविवारच्या टोळीतल्या एकाने माझं हेड पाहून हे मला ऐकवलं. मी त्याला म्हटलं, “बाबा, तुझ्या गाडीत आत्या सुशिक्षित आहे.” त्याला काही कळलं नाही. तो वडापाव खायला गेला.

मेस्त्रींची कीर्ती मात्र पसरली. कोणी हिरो होंडा आणतो, कोणी यामाहा. भावोजींचा शॉक आता गोष्टीत दुप्पट व्होल्टचा झाला आहे आणि पुतण्या वाफ्याऐवजी विहिरीच्या काठावर जाऊन पडतो. परवा दांड्याकडचे एक मांगेला काका होडीचं डिझेल इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले. पंचवीस वर्षं समुद्रात इंजिन खोलून जोडणारा माणूस. चिंचेखाली बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, “मेस्त्री, होडीला ओढ नाय. बघा जरा प्लगचं.”

मेस्त्री गंभीरपणे म्हणाले, “काका, डिझेलला प्लग नसतो. दाबानेच पेटतं ते.”

“ते ठावं आहे,” काका धूर सोडत म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, दोन नकोत. एक तरी बसवा.”